कुंडीतले रोप आणि कलम वीस

यंदाच्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी आरती झाली, प्रसादाचे ताट अजून फिरत होते, आणि आपल्याच एका सभासदाच्या मुलाने आम्हाला विचारले, "काका, घरात कुंडीत गांजाचं एक रोप लावलं तर खरंच जेल होते का? माझा मावसभाऊ टोरांटोत चार लावतो. सरकारच परवानगी देतं तिथे." बाजूला बसलेल्या काकू एकदम गप्प झाल्या. कोणीतरी "बाप्पासमोर काय हे विषय" असे म्हणाले. मुलगा मात्र हसत नव्हता. इंदूरला तिसऱ्या वर्षात शिकतो, हुशार आहे, त्याला खरेच उत्तर हवे होते. आम्ही त्याला सांगितले की वाचतो आणि लिहितो. हा लेख त्या कबुलीपोटी आहे.

आमची नोकरी बँकेत गेली, कायद्याची पदवी आमच्याकडे नाही. पण चाळीस वर्षे कागद वाचून सही करायची सवय आहे, आणि कागदावर काय लिहिले आहे ते लोकांना वाटते त्यापेक्षा बहुतेक वेळा वेगळे असते, हा अनुभव आहे. या विषयात तर फारच वेगळे निघाले.

मुलांच्या डोक्यात हा विषय कुठून आला ते आधी पाहू, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. आपल्या कन्नौद, खातेगाव, बागली, देवास भागातल्या कितीतरी घरांतली एक तरी फांदी आज परदेशात आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला आणि बहुतेक प्रांतांत एका घरात चार झाडांपर्यंत लावायची मुभा दिली. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडे लावू दिली. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत. थायलंडने जून २०२२ मध्ये हे झाड बंदीच्या यादीतून काढले, आणि बँकॉकच्या रस्त्यांवर आपल्याकडे पानाच्या टपऱ्या असाव्यात तशी दुकाने लागली. पुढे तीनच वर्षांत, जून २०२५ मध्ये, त्यांनी पाऊल मागे घेतले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही असा नियम केला. त्या तीन वर्षांत बँकॉकहून येणाऱ्या विमानांतून मुंबईच्या विमानतळावर 'हायड्रोपोनिक' गांजाची पाकिटे पकडल्याच्या बातम्या इतक्या आल्या की हा शब्द आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. हायड्रोपोनिक म्हणजे मातीशिवाय, पाण्यातल्या खतावर, बंद खोलीत दिव्यांच्या उजेडात वाढवलेले.

तेव्हा सुट्टीत घरी आलेला मावसभाऊ मोबाइलवर फोटो दाखवतो. एका खोलीत छोटा तंबू, आत जांभळट दिवा, कुंड्यांत चार हिरवी रोपे. तो ते टोमॅटो लावल्यासारखे सहज सांगतो आणि त्याच्या बाजूने त्यात खोटे काही नाही. ऐकणाऱ्या मुलाला वाटते, दिवा ऑनलाइन मिळतो, कुंडी आईकडे आहे, बीही कुठून तरी मिळेल. यात विकणे नाही, टोळी नाही, कोणाचे नुकसान नाही. उलट गल्लीतल्या पुडीवाल्याकडे जाण्यापेक्षा हे बरे. त्याचा हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण आपला कायदा नेमका तिथेच उलटा आहे.

अमली पदार्थांचा आपला कायदा १९८५ चा. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. त्यात गांजाची व्याख्या आहे ती फुलोऱ्याची. झाडाचे फुललेले किंवा फळ धरलेले शेंडे म्हणजे गांजा. नुसती पाने आणि नुसते बी, शेंड्याशिवाय असतील तर, गांजा नव्हेत. म्हणून उज्जैनला महाकालाचा भांगशृंगार होतो, आपल्या राज्यात आबकारी विभागाच्या परवान्याची भांगेची दुकाने चालतात, आणि होळीला ठंडाई घोटणाऱ्याला कोणी हात लावत नाही. भांग म्हणजे पान. ही व्याख्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आली आहे. त्या करारातही पाने आणि बी वेगळी ठेवली होती, म्हणून आपल्याकडे भांगेला जागा राहिली.

इथपर्यंत वाचून पुष्कळ जण थांबतात आणि म्हणतात, मग रोपाला तर शेंडे नसतातच, रोप म्हणजे नुसती पाने, मग गुन्हा कसला? आम्हीही थांबलो होतो. पण त्याच कायद्यात पुढच्याच ओळीला 'कॅनाबिसचे झाड' याची निराळी व्याख्या आहे: त्या वंशाचे कोणतेही झाड. नर की मादी, फुललेले की न फुललेले, वीतभर की पुरुषभर, काही विचारलेले नाही. आणि कलम ८ म्हणते, अफूची किंवा कॅनाबिसच्या कोणत्याही झाडाची लागवड कोणी करू नये. अपवाद फक्त औषधी आणि शास्त्रीय कामाचा, तोही सरकारी नियमांत बसून, परवान्यानेच. कलम १० आणि १४ मध्ये सरकारला परवाने द्यायचे अधिकार आहेत. त्याखालीच उत्तराखंडाने तंतू आणि बियांसाठी कमी नशेच्या जातीची शेती काही वर्षांपूर्वी सुरू केली. २०१९ मध्ये आपल्या राज्यातही औषधी आणि औद्योगिक लागवडीचा विचार मंत्र्यांनी बोलून दाखवला होता, त्यावर गदारोळ झाला, आणि पुढच्या वर्षी सरकारच बदलले. घरातल्या कुंडीला मात्र परवाना देणारी खिडकी कुठेही नाही. भांगेसाठी लावले म्हटले तरी नाही. म्हणजे बी खाण्यात गुन्हा नाही (हेम्पचे बी, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून २०२१ मध्ये मान्यता मिळाली, कुमाऊँत तर भांगेच्या बियांची चटणी घरोघर असते), पण तेच बी मातीत घालणे हा गुन्हा आहे.

आता सजा. इथे आम्हाला आमच्या जुन्या सवयीप्रमाणे दोन रकाने आखून बसावे लागले. कलम २० मध्ये जवळ बाळगलेल्या गांजाला वजनाप्रमाणे तीन पायऱ्या आहेत. अल्प प्रमाण म्हणजे १ किलोपर्यंत: जास्तीत जास्त एक वर्ष, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाण २० किलोंपासून: कमीत कमी दहा वर्षे, जास्तीत जास्त वीस. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. हा झाला एक रकाना. दुसऱ्या रकान्यात लागवड. तिथे पायऱ्या नाहीत. एक झाड असो की एक एकर, वाक्य एकच: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

कमीत कमी सजा लिहिलेली नाही, हे खरे. एका कुंडीसाठी न्यायाधीश दहा वर्षे देतील असे कोणी वकील म्हणणार नाही. पण आरोपपत्रावर जो आकडा येतो तो दहाचा येतो. कोणते कोर्ट, जमानत किती दिवसांत, नोकरीच्या अर्जातल्या रकान्यात काय लिहायचे, पासपोर्टच्या पोलिस तपासणीत काय निघणार, हे सगळे त्या आकड्यावरून ठरते. पुडी विकत घेणाऱ्या मुलावरचा गुन्हा एका वर्षाचा आणि 'मी तर विकत घेत नाही, घरीच लावतो' म्हणणाऱ्यावरचा दहाचा. मुलांची समजूत आणि कायदा यांच्यातली तफावत ही एवढी आहे.

ती अशी का झाली, हेही शोधले. १९८५ च्या मूळ कायद्यात लागवड आणि गांजा बाळगणे दोन्हींना सारखेच, पाच वर्षांपर्यंत, लिहिले होते. २००१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तिचा हेतू चांगला होता: व्यसनी माणूस आणि व्यापारी यांना एका तराजूत तोलू नये. म्हणून अल्प प्रमाणाची सजा सहा महिन्यांवर आणली (२०१४ मध्ये ती पुन्हा एक वर्ष झाली). पण त्याच दुरुस्तीत लागवडीची कमाल पाचाची दहा झाली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लागवड म्हणजे डोंगरउतारावरचे शेत होते, निमाडातल्या तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळींत लपवलेली झाडे होती, जशी धार, बडवानी, खरगोनकडे पोलिस अजूनही उपटतात. इंदूरच्या बाथरूममध्ये चंदेरी कागद लावून कुंडी ठेवणारा बी.टेक.चा मुलगा २००१ मध्ये कोणाच्या डोळ्यांसमोर असणार? आमचे मत विचाराल तर वजनाला पायऱ्या आहेत तशा झाडांच्या संख्येलाही हव्यात. पण आमचे मत ठाण्यात चालत नाही.

एक पळवाट मुलांमध्ये फिरते, तीही सांगून टाकू. "आपोआप उगवलं म्हणायचं." याला आधार आहे, अगदीच हवेतला नाही. अलख राम विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, शेतात सापडलेल्या गांजाच्या झाडांवरून शिक्षा झालेल्या माणसाला सोडले होते. झाडे नुसती उगवलेली असणे वेगळे आणि आरोपीने ती लावून जोपासलेली असणे वेगळे, आणि दुसरी गोष्ट सरकार पक्षाने सिद्ध केली पाहिजे, असा त्याचा आशय. शेताच्या बांधाला हे लागू पडते. भांगेचे झाड आपल्याकडे रानटी उगवते, नाल्याकाठी, उकिरड्यावर, कोणी न लावता. पण बंद खोलीत, टायमर लावलेल्या दिव्याखाली, पंख्यासमोर, खताच्या बाटलीशेजारी रोप आपोआप उगवले असे कोणत्या न्यायाधीशाला सांगणार? घरातल्या लागवडीची जी जी हुशारी आहे, तीच पंचनाम्यात पुरावा म्हणून येते. दिवा, टायमर, पंखा, ऑनलाइन मागणीच्या पावत्या.

आणि पकडले जात नाही हा भ्रम. जून २०२३ मध्ये कर्नाटकात शिवमोग्गा इथे भाड्याच्या घरात कृत्रिम उजेडात गांजा वाढवणारे पकडले, ते वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. डॉक्टर होणार होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रेटर नोएडात एका फ्लॅटमध्ये ऐंशीच्या आसपास कुंड्या निघाल्या, एकाच तरुणाच्या. बंद घरातली ही शेती लपत नाही. फुलोरा धरला की वास जिन्यात उतरतो. विजेचे सांगायचे तर आमच्या धंद्याचा हिशेब: दोनशे वॅटचा दिवा रोज पंधरा तास चालला तर दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. दोन मुलांच्या खोलीचे बिल एकाएकी तेवढे वाढले की घरमालक आधी मीटर तपासतो, मग खोली.

घरमालकाच्या बाजूने हा विषय आमच्यासमोर याआधी एकदा आला होता, आणि खरे तर म्हणूनच गणपतीत त्या मुलाचा प्रश्न आम्हाला इतका लागला. मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांची इंदूरला भंवरकुआँच्या बाजूला दोन खोल्यांची जागा आहे. दोन विद्यार्थी राहत होते. त्यातला एक आपल्याच समाजातल्या, सगळ्यांच्या ओळखीच्या घरातला. बाथरूमचा नळ गळतो म्हणून हे प्लंबर घेऊन गेले, मुले कॉलेजात होती, किल्ली यांच्याकडे होतीच. दार उघडले तर आत चंदेरी कागद, दिवा, आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांत पाच रोपे, तळहाताएवढी. प्लंबरला ओळखता आले, यांना नाही. प्लंबर हसून म्हणाला, "बाबूजी, यह तो माल है."

रात्री साडेनऊला ते आमच्या घरी आले. चहा घेतला नाही. आधी बराच वेळ मुलांवर रागावून बोलले, मग म्हणाले, "तुम्ही सांगा, मी आता काय आहे? मालक, साक्षीदार की आरोपी?"

त्या रात्री आम्हाला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी आपल्याच समाजातल्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी पुस्तक उघडून दोन कलमे दाखवली. कलम २५: आपल्या ताब्यातली जागा अशा गुन्ह्यासाठी जो जाणूनबुजून वापरू देतो, त्याला त्याच गुन्ह्याची सजा. कलम ४६: आपल्या जमिनीवर अशी बेकायदा लागवड आहे हे कळल्यावर जमीनधारकाने ताबडतोब पोलिसांना किंवा संबंधित खात्याला कळवले पाहिजे, जाणूनबुजून कळवले नाही तर तोही सजेस पात्र. जमिनीचे कलम फ्लॅटला कितपत लागू होते यावर वाद घालता येईल, असे ते म्हणाले, पण वाद कोर्टात घालायचा असतो, आणि कोर्टात उभे राहायचीच आपली इच्छा नाही. मुद्दा 'जाणूनबुजून' या शब्दाचा होता. सोमवारी दुपारपर्यंत आमच्या या मित्रांना काही माहीत नव्हते, तेव्हा ते निर्दोष. दार उघडल्यापासून त्यांना माहीत होते.

वकिलांचा सल्ला स्वच्छ होता: कळवा. आमचे मित्र बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वीस वर्षांचा पोरगा आहे. त्याच्या मुंजीत मी जेवलोय."

पुढे काय झाले ते इथे पूर्ण लिहिता येत नाही. एवढे सांगतो की दोन्ही मुलांच्या वडिलांना बोलावले गेले, एक जण बसने आले आणि आमच्यासमोर रडले, रोपे राहिली नाहीत, जागा त्याच आठवड्यात रिकामी झाली. कायद्याच्या नजरेतून हे बरोबर झाले असे आम्ही म्हणू शकत नाही. त्या मुलाच्या घराच्या नजरेतून याहून वेगळे काही होऊ द्यायला हवे होते, असेही म्हणवत नाही. आमचे मित्र तेव्हापासून भाडेकरू ठेवत नाहीत. ती जागा बंद आहे आणि मेंटेनन्स दरमहा भरतात.

मुलाने केलेल्या चुकीत एक गोष्ट आम्हाला जास्त खटकली. त्याने हे व्यसनापायी केले नव्हते. त्याला ते उगवते का, ते पाहायचे होते. नवीन माणूस कोणत्याही बागकामात पडतो तसा तो पडला होता: रोप का लांबट झाले, पाने पिवळी का पडली, याच्या नोंदी वहीत होत्या, तारखा घालून. ती वही आम्ही पाहिली. सुबक होती. तीच वही उद्या कोर्टात गेली असती तर लागवड सिद्ध करायला दुसरे काही लागले नसते.

जुन्या पिढीतल्या काही जणांचे म्हणणे असते, आमच्या वेळी हे नव्हते. होते, आणि आपल्या अगदी जवळ होते. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात गांजाची परवानाधारक लागवड होत असे ती निमाड जिल्ह्यात, खंडव्याच्या आसपास. नर्मदेच्या अलीकडे आपला संस्थानी मुलूख आणि पलीकडे थोड्या अंतरावर सरकारी गांजाचे मळे, अशी स्थिती होती. महाराष्ट्रात अहमदनगरकडे ही शेती चाले. १८९३-९४ मध्ये सरकारने भांग-गांजा-चरस यांची चौकशी करायला मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला, त्यात तीन हिंदी सभासद होते. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या. त्यांचा अहवाल आजही या विषयावरचा मोठा दस्तऐवज मानला जातो. बेताने घेणाऱ्याला फारशी इजा नाही, सरसकट बंदी करू नये, असा त्यांचा कौल होता, आणि आज गांजा मोकळा करा म्हणणारे तेवढेच वाक्य उचलतात. पण त्याच अहवालात पुढे काय म्हटले आहे? परवान्याशिवाय लागवड बंद करा, लागवड मोजक्या ठिकाणी एकत्र आणा, दुकाने मर्यादित ठेवा, कर वाढवा. म्हणजे तो उदार आयोगसुद्धा घरच्या परसातल्या झाडाच्या बाजूचा नव्हता. त्यांची कारणे नैतिक कमी आणि महसुली जास्त होती. जे घरी उगवते त्यावर कर बसत नाही, हे कोणत्याही सरकारला लवकर कळते.

त्या मळ्यांत एक काम फार कसबी समजले जाई. नर झाडे ओळखून वेळेत उपटून टाकायची, म्हणजे मादी झाडांना बी धरत नाही आणि शेंडा जोरकस होतो. बंगालात या कामाचे खास जाणकार असत, त्यांना पोद्दार किंवा परखदार म्हणत. आजची मुले जे परदेशी शास्त्र म्हणून पाहतात, ते नर्मदेपलीकडच्या शेतकऱ्याला सव्वाशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. फरक एवढा की त्याच्या खिशात परवाना होता.

परवान्याचा अर्थ माळव्याच्या माणसाला वेगळा समजवावा लागू नये. आमची काही वर्षे मंदसौर, नीमच बाजूला गेली. तिथे अफूचा पट्टा म्हणजे इभ्रत. आरींत मोजलेली जमीन, नारकोटिक्स खात्याची मोजणी, गावचा मुखिया, आणि तोलाच्या दिवशी सगळे घर जागे. सरासरी कमी भरली की पट्टा कटतो, आणि पट्टा कटलेला शेतकरी बँकेत आला की त्याच्या चेहऱ्यावरून कळायचे. त्याच शेतात, त्याच मातीत, पट्टा असेपर्यंत जे पीक राजमान्य, तेच पट्टा गेल्यावर दहा वर्षांचे. कलम ८ मध्ये अफू आणि गांजा एकाच वाक्यात आहेत. नीमचच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या शेतकऱ्याला जे समजते ते आपल्या इंजिनिअर मुलांना समजू नये, याचे नवल वाटते. त्यांना कोणी सांगितले नाही, हेच कारण असावे. त्यात आम्हीही आलो.

जग बदलते आहे, हे खोटे नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा प्रस्ताव आला तेव्हा भारताने बाजूने मत दिले. प्रस्ताव २७ विरुद्ध २५ असा थोडक्यात पास झाला. आयुर्वेदात ही वनस्पती 'विजया' नावाने आहे आणि तिच्या पानांची औषधे वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. पण त्या मतदानाने आपल्या कलम २० मधला एक शब्दही हललेला नाही. बातमीचा मथळा वाचून कायदा बदलला असे समजणे म्हणजे व्याजदर कमी होणार अशी बातमी वाचून हप्ता कमी भरण्यासारखे आहे. आमच्याकडे असेही खातेदार यायचे.

आरोग्याचे थोडक्यात लिहितो, कारण ते डॉक्टरांनी सांगावे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी २.८ टक्के, म्हणजे साधारण ३.१ कोटी लोकांनी त्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचे आढळले. त्यात भांगवाले जास्त होते. कोवळ्या वयात नियमित ओढणाऱ्यांत मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतात. आणि बंद खोलीत वाढवलेल्या निवडक जाती जुन्या रानगांजापेक्षा पुष्कळ तेज असतात. "आजोबाही चिलीम ओढायचे" हा दाखला म्हणून इथे पुरा पडत नाही.

ज्या घरात प्रश्न खरोखर व्यसनाचा आहे त्यांच्यासाठी कायद्यात एक दार आहे. कलम ६४अ प्रमाणे व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे, फोन करायला पैसे पडत नाहीत. पण हे दार लागवड करणाऱ्यासाठी नाही. तिथेही कुंडी आडवी येते.

आता पालकांना दोन-चार गोष्टी. मुलाची खोली इंदूर, पुणे, बंगळुरू कुठेही असो, भाडेकरारावर सही तुमची असेल तर कधीतरी न कळवता जाऊन या. कुलपे तपासायला नव्हे, जेवायला. स्वतःची जागा भाड्याने दिली असेल तर पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती भरा, आळस करू नका. परदेशातून सुट्टीत येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना प्रेमाने सांगा की तिकडचे कायदेशीर बीसुद्धा बॅगेतून आणू नये. मावसभावाच्या फोटोवर मुलाला ओरडू नका, नाहीतर पुढचा फोटो तो तुम्हाला दाखवणार नाही. आणि शेजारच्या घराबद्दल काही ऐकले तर मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. गेल्या वर्षी भलत्याच मुलाचे नाव फिरले आणि त्याच्या आईने हळदीकुंकवाला येणे सोडले, ते आपल्याला अजून भरून काढता आलेले नाही.

गणपतीत प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आम्ही हा मजकूर आधी वाचायला दिला. त्याने दोन ठिकाणी आमच्या चुका काढल्या. एक वॅटची होती. मग म्हणाला, "काका, पण पायऱ्या नसणं हे अन्यायाचंच आहे ना?" आम्ही हो म्हटले. तो कायद्याच्या प्रवेश परीक्षेचे पाहतोय, असे त्याच्या आईकडून कळले.

वर ज्यांचा उल्लेख आला ते वकील दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता मंडळाच्या खोलीत बसायला तयार आहेत. ज्यांना विचारायचे आहे त्यांनी यावे. मुलांनी एकटे आले तरी चालेल, नाव लिहून घेतले जाणार नाही. चहाची सोय आहे.